वासराची उसनी ढाल

गाय व्याली की घरातील प्रत्येकाचे लक्ष निरनिराळ्या ठिकाणी लागलेले असते. गोठ्यातील जाणता गडी वार केव्हा पडते याची वाट पाहत बसलेला असतो. स्वयंपाकघरात खरवसासाठी गूळ चिरला जात असतो आणि वेलदोडे सोलले जात असतात. मुले वासराच्या कपाळावर चांद आहे की नाही हे निरखीत असतात. वासरू मात्र थरथरत्या पायांवर उभे राहून एकच गोष्ट शोधीत असते, ती म्हणजे आईची कास. त्या घटकेला त्या लहानग्या जिवाचा शोध किती निकडीचा असतो, याची कल्पना गोठ्याला पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने थोडीफार होती. शास्त्राला ती पुरती येण्यास मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

प्रश्न तसा साधा दिसतो. एकाच दावणीला, एकाच हवेत, गाय आणि तिचे दीड-दोन महिन्यांचे वासरू बांधलेले असते. श्वसनमार्गाचा विषाणू गोठ्यात शिरतो आणि दोघांनाही गाठतो. गाय दोन दिवस नाक गाळते, चार वेळा ढासते आणि पुन्हा वैरणीला तोंड लावते. वासराला मात्र धाप लागते, ते मान पुढे ताणून तोंडाने श्वास घेऊ लागते, आणि कित्येकदा दगावते. असे का व्हावे? ‘लहान ते दुबळेच’ हे त्याचे परंपरागत उत्तर होय. ते अगदीच खोटे नाही. पण ते अपुरे आहे. कारण पुष्कळदा पंधरा दिवसांचे वासरू त्याच साथीतून सुखरूप पार पडते आणि दोन महिन्यांचे, अंगाने भरलेले वासरू आडवे होते. वय वाढते तशी शक्ती सारखी वाढत जाते, हा सरळ हिशेब येथे चुकतो. तो का चुकतो हे उलगडण्याचा इतिहास अनेक देशांच्या प्रयोगशाळांतून फिरत फिरत अखेर माणसाच्या पाळण्यापाशी येऊन पोचला आहे.

या इतिहासाचा आरंभ गाईपासून न होता उंदरापासून झाला. १८९० साली बेरिंग व किटासाटो यांनी एका रोगमुक्त प्राण्याच्या रक्तजलाने दुसऱ्या प्राण्याचे रक्षण करता येते हे दाखविले. रक्तात रोगाशी झुंजणारी काही द्रव्ये तयार होतात, त्यांनाच पुढे प्रतिद्रव्ये हे नाव रूढ झाले. लगोलग १८९२ साली पॉल एर्लिक या जर्मन शास्त्रज्ञाने एक मार्मिक प्रश्न विचारला : आईबापांनी कमावलेली ही शक्ती संततीकडे जाते काय? त्याने काही उंदरांना वनस्पतिज विषे थोडथोडी देऊन त्या विषांचा सराव करविला. अशा उंदरिणीची पिले विषाला दाद देत नाहीत, पण केवळ बाप सरावाचा असेल तर पिलांना त्याचा काडीचाही उपयोग होत नाही, असे त्याला आढळले. मग त्याने पिलांची अदलाबदल केली. सरावाच्या उंदरिणीचे दूध परक्या पिलांना पाजताच ती पिलेही सुरक्षित झाली. यावरून हा रक्ताचा वारसा नसून दुधातून मिळालेली ठेव आहे, आणि ती ठेव काही काळाने संपते, हे स्पष्ट झाले. स्वतः कमावलेली शक्ती आणि दुसऱ्याकडून मिळालेली शक्ती हा भेद तेव्हापासून वैद्यकात स्थिर झाला.

हा प्रश्न गोठ्यात आणला तो थिओबाल्ड स्मिथ यांनी. अमेरिकेतील गुरांच्या एका भयंकर तापाचा प्रसार गोचिडांमुळे होतो, हे १८९३ साली आपल्या सहकाऱ्यासह सिद्ध करून त्यांनी कीर्ती मिळविली होती. पुढे न्यू जर्सीतील प्रिन्स्टन येथे रॉकफेलर संस्थेच्या पशुरोग विभागाचे ते प्रमुख झाले. तेथे राल्फ लिटल यांच्या साहाय्याने त्यांनी नवजात वासरांवर प्रयोग केले, आणि १९२२ साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. काही वासरांना जन्मतःच आईचा चीक पिऊ दिला होता. काहींना चिकाऐवजी साधे दूध दिले होते. बाकी निगा सारखीच होती. चीक मिळालेली वासरे जगली. चिकाला मुकलेल्यांपैकी बहुतेक थोड्याच दिवसांत मेली. त्यांच्या अवयवांत जे जंतू सापडले ते कोणत्याही असाधारण रोगाचे नव्हते. आतड्यात नित्य वास करणारे ते सामान्य जंतू होते. मोठ्या जनावराला ज्यांची दखलही घ्यावी लागत नाही, त्यांनीच या वासरांच्या सर्व शरीराचा ताबा घेतला होता.

याच सुमारास त्याच संस्थेतील पॉल हाऊ यांनी वासरांच्या रक्ताची रासायनिक तपासणी केली. नुकत्याच जन्मलेल्या वासराच्या रक्तात ग्लोब्युलिन जातीची प्रथिने जवळजवळ नसतात, आणि चीक पिताच काही तासांत ती रक्तात उतरतात, असे त्यांना दिसले. प्रतिद्रव्ये याच प्रथिनांत मोडतात. स्मिथ व लिटल यांनी पुढे चिकाच्या जागी गाईचे रक्तजल देऊन पाहिले आणि त्यालाही काही अंशी यश आले. दुवा जुळला. चिकाचे सामर्थ्य केवळ त्याच्या पौष्टिकतेत नाही, तर आईच्या साऱ्या आयुष्यातील रोगांच्या अनुभवाचे सार त्यात उतरलेले असते, ही गोष्ट आता मोजून दाखविता येऊ लागली.

माणसाच्या मुलाला ही ठेव जन्मापूर्वीच मिळते. मातेच्या वारेतून प्रतिद्रव्ये गर्भाच्या रक्तात जातात आणि मूल जन्मते तेच आईची ढाल घेऊन. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या वारेची घडण वेगळी आहे. आई आणि गर्भ यांच्या रक्तामध्ये तेथे पेशींचे इतके पडदे असतात की प्रतिद्रव्यांना पलीकडे जाता येत नाही. म्हणून वासरू जन्मते ते रिकाम्या हातांनी. निसर्गाने याची भरपाई दुसऱ्या मार्गाने केली आहे. विण्यापूर्वीच्या काही आठवड्यांत गाईची कास रक्तातील प्रतिद्रव्ये वेचून चिकात साठवू लागते. आणि नवजात वासराचे आतडे अशा रचनेचे असते की ही अवाढव्य प्रथिने न पचविता सबंधच्या सबंध रक्तात घेते. परंतु हा दरवाजा फार थोडा वेळ उघडा असतो. पहिल्या सहा तासांत तो सताड उघडा असतो, नंतर हळूहळू लोटला जातो, आणि सुमारे चोवीस तासांत बंद होतो. त्यानंतर घागरभर चीक पाजला तरी तो पोटात अन्न म्हणून पचतो आणि आतड्याच्या आवरणाला थोडा आसरा देतो. रक्तात मात्र ढाल म्हणून उतरत नाही. वासराच्या आयुष्यात वयाचा हिशेब प्रथम तासांनी करावा लागतो, तो यासाठी.

पण वासराचे स्वतःचे सैन्य मुळीच नसते काय? या प्रश्नाने शास्त्रज्ञांना जन्माच्याही मागे नेले. १९४५ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात रे ओवेन हे जुळ्या वासरांच्या रक्तगटांचा अभ्यास करीत होते. गाईच्या पोटातील जुळ्यांच्या रक्तवाहिन्या बहुधा एकमेकींना मिळालेल्या असतात. अशा जुळ्यांपैकी प्रत्येकाच्या रक्तात दोन प्रकारच्या पेशी, म्हणजे स्वतःच्या आणि भावंडाच्या, आयुष्यभर नांदत असलेल्या ओवेन यांना आढळल्या. दोन भिन्न वळूंपासून झालेल्या जुळ्यांतही तेच दिसले. मोठेपणी परक्या पेशी शरीरात सोडल्या तर शरीर त्यांच्यावर तुटून पडते. मग या पेशी का सहन केल्या जातात? ऑस्ट्रेलियातील मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९४९ साली याचा अर्थ सांगितला. आपले कोण आणि परके कोण हे ज्ञान शरीर गर्भावस्थेत शिकते. त्या शिक्षणाच्या काळात जे भेटले ते कायमचे आपले ठरते. पीटर मेडावर यांनी ही कल्पना प्रयोगांनी खरी करून दाखविली आणि १९६० साली दोघांना मिळून नोबेल पारितोषिक लाभले. त्या पारितोषिकाच्या मुळाशी जुळ्या वासरांचे रक्त होते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

या शिक्षणाची एक अनिष्ट बाजूही आहे. १९४६ साली न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी गुरांच्या एका नव्या विषाणुजन्य अतिसाराचे वर्णन केले. नाव अतिसाराचे असले तरी हा विषाणू जनावराची प्रतिकारशक्ती खच्ची करून फुप्फुसाच्या आजारांनाही वाट मोकळी करून देतो. गाईचा गर्भकाळ सुमारे २८० दिवसांचा. त्यातील पहिल्या चार महिन्यांच्या आत हा विषाणू गर्भाला गाठू शकला, तर गर्भ त्याला परका म्हणून ओळखतच नाही. असे वासरू जन्मले तर वरवर धडधाकटही दिसू शकते. पण विषाणू त्याच्या शरीरात जन्मभर राहतो आणि ते सारा वेळ गोठ्यात रोग पसरवीत राहते. तोच विषाणू गर्भाच्या उत्तरार्धात आला, तर गर्भ स्वतःची प्रतिद्रव्ये तयार करून त्याचा सामना करू शकतो. विषाणू तोच, गाय तीच. फरक फक्त गर्भाच्या वयाचा, आणि परिणाम मात्र अगदी उलट.

यावरून एवढे निश्चित झाले की, जन्माच्या वेळी वासराचे सैन्य उभे असते; पण ते नवशिके असते. लढाई त्याने पाहिलेली नसते. रक्तातील काही साहाय्यक द्रव्ये मोठ्या जनावरांपेक्षा कमी असतात आणि जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींची चपळाईही पुरेशी नसते. उलट गॅमा-डेल्टा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लढाऊ पेशींचे प्रमाण वासराच्या रक्तात मोठ्या गाईच्या मानाने पुष्कळच अधिक असते, आणि वय वाढेल तसे ते घटत जाते. म्हणजे वासराची प्रतिकारशक्ती ही गाईच्या शक्तीची छोटी आवृत्ती नसून तिची मांडणीच वेगळी असते. ही मांडणी मोठ्या जनावराच्या वळणावर येण्यास साधारणपणे पाच ते आठ महिने लागतात. तोवर भिस्त असते ती उसन्या ढालीवर.

श्वसनाचे विषाणू या कथेत आले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. अमेरिकेत माळरानावर वाढलेली वासरे आईपासून तोडून, आगगाडीत किंवा मालमोटारीत दाटीने भरून, शेकडो मैलांवरच्या चराईकेंद्रांकडे पाठवीत. तेथे पोचताच त्यांना ताप व न्युमोनिया होई. या दुखण्याला ‘वाहतुकीचा ताप’ असेच नाव पडले होते. जंतूंवर ठपका ठेवला जाई. परंतु जंतूंना आत शिरण्यास वाट कोण करून देतो, याचा उलगडा होत नव्हता. १९५० नंतरच्या दशकात पेशी काचपात्रात वाढविण्याचे तंत्र हाती आले आणि एकामागून एक विषाणू उजेडात आले. नाक व श्वासनलिका यांचा दाह करणारा नागीण-कुळातील विषाणू १९५६ साली वेगळा करण्यात आला. १९५९ साली आजारी गुरांतून पॅराइन्फ्लुएंझा-३ हा विषाणू मिळाला. १९७० साली स्वित्झर्लंडमध्ये गुरांचा श्वसनपेशी-संयोगी विषाणू सापडला. फुप्फुसातील शेजारशेजारच्या पेशी एकमेकींत विरघळवून त्यांचा एकच लोळागोळा करणे, ही त्याची खूण होय. या शेवटच्या विषाणूचा एक सख्खा भाऊ आधीच माहीत होता. १९५६ साली तो सर्दी झालेल्या चिंपांझींत प्रथम मिळाला होता आणि लौकरच रॉबर्ट चॅनॉक यांनी तो बाल्टिमोर येथील आजारी अर्भकांतून काढला होता. गोठ्यातील वासरू आणि पाळण्यातील मूल यांची गाठ येथे पडली.

आता वासराच्या वयाचा हिशेब नीट मांडता येतो. आईकडून आलेली प्रतिद्रव्ये वासराच्या रक्तात सुमारे तीन आठवड्यांत निम्मी होतात. आरंभी ती ६४ भाग आहेत असे धरले, तर तीन आठवड्यांनी ३२, सहा आठवड्यांनी १६, नऊ आठवड्यांनी ८ आणि बारा आठवड्यांनी ४ भाग उरतात. शेजारच्या दाव्याला बांधलेल्या दुसऱ्या वासराला चीक उशिरा मिळाला व त्याच्या वाट्याला आरंभी १६ भागच आले, तर ते सहाव्या आठवड्यातच ४ भागांवर येते. दोन्ही वासरांचे वय एकच, खुराक एकच. तरीही साथ आली असता एक तरते व दुसरे बुडते. जन्माच्या पहिल्या दिवशी काय घडले याचे उत्तर दोन महिन्यांनी मिळते. उसने धन सरत आले आहे आणि स्वतःची कमाई अद्याप सुरू व्हायची आहे, अशा या मधल्या काळात श्वसनाचे विषाणू आपला डाव साधतात.

मग त्या आधीच लस टोचून वासराला स्वतःची कमाई का करवू नये? हा विचार स्वाभाविक होता. पण व्यवहारात एक विलक्षण अडचण उभी राहिली. आईची प्रतिद्रव्ये जशी रोगाच्या विषाणूला अडवितात, तशीच ती लशीतील विषाणूलाही अडवितात. बुळकांडीच्या निर्मूलनात याचा प्रत्यय मोठ्या प्रमाणावर आला. या रोगाशी भारताचा झगडा जुना. त्याच्यासारख्या पशुरोगांच्या अभ्यासासाठी १८८९ साली पुण्यात सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा निघाली व १८९३ साली ती हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. तेथेच १९२० नंतरच्या दशकात एडवर्ड्स यांनी विषाणू बकऱ्यांत वाढवून सौम्य केला व त्यापासून लस सिद्ध केली. पुढे केनियातील मुगुगा येथे वॉल्टर प्लाउराइट यांनी पेशीसंवर्धनावर वाढविलेली अधिक निर्धोक लस तयार केली. १९५४ साली भारताने राष्ट्रव्यापी मोहीम हाती घेतली, आणि २०११ साली जगातून हा रोग नष्ट झाल्याची घोषणा झाली. पण या मोहिमांत एक पेच सर्वत्र आडवा येई. गाईंचे कळप लशीने जितके सुरक्षित होत, तितकी त्यांच्या वासरांच्या रक्तात मातेची प्रतिद्रव्ये अधिक. आणि ती ओसरेपर्यंत वासराला टोचलेली लस बहुधा फुकट जाई. लौकर टोचावी तर लागू पडत नाही, उशीर करावा तर वासरू मध्येच उघडे पडते. ज्या ढालीने प्राण वाचविले तीच ढाल शस्त्रविद्या शिकण्याच्या आड येत होती.

श्वसनाच्या विषाणूंच्या बाबतीत हा पेच अधिकच नाजूक ठरला. १९८० नंतरच्या दशकात नेदरलंड्समध्ये किम्मन व त्यांचे सहकारी यांनी वासरांच्या कळपांचे बारकाईने निरीक्षण केले. आईची प्रतिद्रव्ये श्वसनपेशी-संयोगी विषाणूचा शिरकाव थांबवीत नाहीत, मात्र ती जितकी अधिक तितका आजार सौम्य, असे त्यांना आढळले. प्रतिद्रव्ये रक्तात असतात, आणि विषाणू उतरतो तो नाकाच्या व श्वासनळीच्या अस्तरावर. सीमेवरच्या चौकीत राखीव फौज कशी पुरी पडावी? मातृदत्त प्रतिद्रव्ये अंगात असताना पहिला संसर्ग झाला, तर वासराच्या स्वतःच्या प्रतिद्रव्यांची निर्मिती दबून जाते, हेही दिसले. तथापि त्या पहिल्या भेटीची काही आठवण शरीरात राहू शकते व दुसऱ्या भेटीच्या वेळी ती कामास येते. या निरीक्षणांतून पुढची दिशा सापडली. सुईने लस देण्याऐवजी ती नाकपुडीत सोडावी. मातेची प्रतिद्रव्ये तेथे विरळ असल्यामुळे लशीला वाव मिळतो आणि नेमकी सीमेवरचीच चौकी सज्ज होते. नाकातून द्यावयाच्या अशा लशी आज अनेक देशांत अगदी लहान वासरांसाठी वापरल्या जातात.

परंतु कोवळ्या वयाचा हा धडा माणसाने वासरांकडून शिकण्यापूर्वीच आपल्या मुलांवर एक फार मोठी किंमत मोजली होती. १९६६–६७ साली अमेरिकेत या विषाणूच्या मानवी भावंडाविरुद्ध एक लस अर्भकांना टोचण्यात आली. विषाणू फॉर्मॅलिनने मारून ती तयार केली होती. पोलिओची पहिली लस याच पद्धतीने यशस्वी झाली असल्याने शंकेस फारसे कारण दिसत नव्हते. हिवाळ्याची साथ आली तेव्हा भलतेच घडले. लस टोचलेल्या व पुढे संसर्ग झालेल्या लहानग्यांपैकी सुमारे ८० टक्के मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. तुलनेसाठी ठेवलेल्या दुसऱ्या गटात हे प्रमाण सुमारे ५ टक्के होते. दोन मुले मरण पावली. लशीने रक्षण तर केले नाहीच, उलट आजार अधिक उग्र केला. ज्यांचे शरीर या विषाणूशी पूर्वी कधीही लढले नव्हते, अशा कोवळ्या जिवांना मेलेल्या विषाणूने चुकीचे डावपेच शिकविले होते. प्रतिद्रव्ये निर्माण झाली, पण विषाणूला निष्प्रभ करण्यास ती असमर्थ होती. आणि शरीराचा उलटा क्षोभ फुप्फुसांवरच उलटला. या आघातानंतर कित्येक वर्षे या लशीच्या वाटेला जाण्याचे धैर्य झाले नाही.

हे कोडे सोडविण्यास उंदीर पुरेसे पडेनात, कारण मानवी विषाणू उंदरात मनापासून रुजत नाही. वासराला मात्र त्याचा स्वतःचा, जवळजवळ त्याच घडणीचा विषाणू निसर्गतःच होतो. आजारही तसाच, आणि वयही तेच. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे लॉरेल गर्श्विन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली फॉर्मॅलिनने मारलेल्या विषाणूची लस वासरांना देऊन तीच उलटलेली प्रतिक्रिया वासरांतही घडून येऊ शकते, हे दाखविले. २०१३ साली अमेरिकेतील मॅकलेलन, ग्रॅहम, क्वॉंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाणूच्या पृष्ठभागावरील एका प्रथिनाचे खरे रूप उलगडले. पेशीत शिरण्यापूर्वी या प्रथिनाचा आकार एक असतो, शिरताना तो बदलतो. आणि उत्तम प्रतिद्रव्ये तयार होतात ती पहिल्या आकाराविरुद्ध. १९६६ च्या लशीत हा पहिला आकार जवळजवळ नष्टच झालेला होता. मग गुरांच्या विषाणूचे तेच प्रथिन त्याच्या पहिल्या आकारात जखडून टाकले आणि २०१७ साली त्याची लस वासरांना दिली. वासरे सुरक्षित राहिली. खऱ्या यजमान प्राण्यात, खऱ्या रोगाविरुद्ध मिळालेला तो भक्कम पुरावा होता.

२०२३ साली माणसांसाठी याच तत्त्वाच्या लशींना अमेरिकेत व युरोपात मान्यता मिळाली. त्यांपैकी एक अर्भकाला टोचायची नसून गरोदर मातेला द्यावयाची आहे. मातेच्या रक्तात प्रतिद्रव्ये वाढतात, वारेतून ती गर्भाला पोचतात, आणि मूल आयुष्यातील पहिले, सर्वांत धोक्याचे महिने त्या ढालीआड काढते. गाभण गाईला विण्यापूर्वी काही आठवडे लस टोचून तिचा चीक समृद्ध करण्याची रीत पशुवैद्यकाला याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती. मार्ग निराळा, एकाचा वारेतून व दुसऱ्याचा चिकातून. पण युक्ती एकच. लहानग्याला शिकविण्याची घाई न करता आधी आईला समर्थ करावे, हे शहाणपण गोठ्यातून पाळण्याकडे आले.

लस आणि गाय यांचे नाते यापूर्वीही असेच जडले होते. लशीला ‘व्हॅक्सिन’ हे नाव पडले तेच गाय या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून, कारण जेन्नर यांनी १७९६ साली गोस्तनदेवीच्या आधारे माणसांना देवीपासून वाचविण्याचा मार्ग दाखविला. बेळगावचा व्हॅक्सिन डेपो हे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. तेथे विसाव्या शतकात जनावरांच्या कातडीवर देवीची लस वाढविली जात असे, आणि ती टोचून घेतलेल्या पिढ्यांच्या दंडावर त्याची खूण राहिली. गुरांचे हे ऋण फेडण्याचा मार्ग फार खर्चाचा नाही.

कित्येक गावांतून अजून अशी समजूत आहे की, वार पडेपर्यंत वासराला पिऊ देऊ नये. वार पडण्यास कित्येकदा आठ-दहा तास लागतात, आणि आतड्याचा तो दरवाजा तेवढ्यात निम्माअधिक लोटला गेलेला असतो. त्या वासराला पुढे कितीही दूध पाजले, कितीही ऊब दिली, तरी दीड-दोन महिन्यांनी पहिली साथ येते तेव्हा त्याची ढाल पातळ असते आणि दोष मात्र हवेला, पावसाला किंवा नशिबाला दिला जातो. खरे पाहता वासराने पिण्यास सुरुवात केली, कासेला ढुशा दिल्या, की गाईचे अंग आकुंचन पावते व वार पडण्यासही मदतच होते. वासराच्या वजनाच्या सुमारे दशांश चीक, म्हणजे २५ किलो वजनाच्या वासराला अडीच लिटर, पहिल्या काही तासांत दोन-तीन वेळा विभागून पोटात गेला, की निसर्गाने नेमून दिलेले काम पुरे होते. त्या मागोमाग गोठ्यात हवा खेळती ठेवणे, वासरांची दाटी टाळणे, बाजारातून आणलेले जनावर काही दिवस वेगळे बांधणे, आणि लशीची वेळ पशुवैद्याच्या सल्ल्याने ठरविणे, एवढे केले तरी तो मधला धोक्याचा काळ पुष्कळ निभावतो.

यात खरवसाचा बेत मोडण्याचे मुळीच कारण नाही. वासराला त्या चिकाची जी निकड असते ती पहिल्या दिवसापुरती. दुसऱ्या दिवसापासून त्याचे पोट भरून उरलेला चीक घराने खुशाल घ्यावा, शेजारी वाटावा, त्यात गूळ-वेलदोडा घालून तो उकडावा. फक्त पहिली धार ज्याची त्याला मिळावी. प्रिन्स्टनच्या गोठ्यात १९२२ साली जे सिद्ध झाले, त्याचे तात्पर्य एवढेच आहे. आणि ज्या घरी ते पाळले जाते, त्या घरचे वासरू पुढच्या हिवाळ्यात बहुधा आपल्या पायांवर उभे असते.